वाचकांचे प्रश्न : ‘पिक अप’चा पसारा

या वेळच्या पत्रांपैकी बरीच पत्रे ‘पिक अप’ या एकाच क्रियापदाबद्दल आहेत, म्हणून सगळे सदर त्यालाच दिले आहे. ‘पिक’ म्हणजे वेचणे, तोडणे, निवडणे. ‘अप’ म्हणजे वर. हे दोन्ही शब्द शाळकरी पोरांनाही येतात, पण जोडी जमली की अर्थ दोघांनाही सोडून भलतीकडे जातो. इंग्रजीत अशा जोडीला फ्रेझल व्हर्ब म्हणतात. परकीयांना इंग्रजीत सर्वांत जास्त अडचण या जोड्यांचीच होते, असे सॅम्युअल जॉन्सन यांनी 1755 साली आपल्या कोशाच्या प्रस्तावनेतच नोंदवून ठेवले आहे. तेव्हा इथे अडखळणाऱ्या कोणीही स्वतःला कमी लेखू नये.

प्रश्न : सहकाऱ्याला मी ‘आय विल पिक यू फ्रॉम ठाणे स्टेशन’ असा मेसेज केला. टीम लीडने ‘अप’ राहिला म्हणून सांगितले. आमच्याकडे सगळे असेच लिहितात. खरेच चूक आहे का? (एक वाचक, ऐरोली)

हो, चूक आहे. नुसत्या ‘पिक’चा अर्थ निवडणे. ‘आय विल पिक यू’ हे वाक्य संघ निवडणाऱ्या कॅप्टनच्या तोंडी शोभेल. स्टेशनवरून कोणाला गाडीत घ्यायचे असेल तर ‘आय विल पिक यू अप फ्रॉम ठाणे स्टेशन’ असेच लिहायला हवे. ही चूक बहुधा ‘पिक अँड ड्रॉप’ या बोलण्यामुळे रुळली आहे. ‘ड्रॉप’ला सवलत आहे. ठिकाण सांगितले असेल तर ‘आय विल ड्रॉप यू ॲट वाशी’ चालते आणि ‘ड्रॉप यू ऑफ’ही चालते. ‘पिक’ला ती सवलत नाही.

आता ‘यू’ची जागा. ‘पिक अप यू’, ‘पिक अप हर’, ‘पिक अप इट’ ही रचना इंग्रजीत होतच नाही. कर्म सर्वनाम असेल तर ते ‘पिक’ आणि ‘अप’ यांच्या मधेच बसते : पिक यू अप, पिक हर अप, पिक इट अप. कर्म नाम असेल तर दोन्ही जागा मोकळ्या असतात. ‘पिक अप द पार्सल’ बरोबर आणि ‘पिक द पार्सल अप’ही बरोबर. मात्र कर्म लांबलचक असेल तर ते शेवटी टाकावे. ‘पिक अप द पार्सल दॅट माय ब्रदर सेंट फ्रॉम नाशिक’ हे कानाला सरळ लागते. हेच कर्म मधे कोंबले तर ‘अप’ येईपर्यंत ऐकणारा ‘पिक’ विसरून जातो.

या नियमामागचे कारण समजले की तो पाठ करावा लागत नाही. इंग्रजी वाक्यात शेवटची जागा सहसा नव्या, वजनदार माहितीची असते. ‘यू’, ‘इट’, ‘हर’ ही आधीच माहीत असलेल्या माणसांची आणि वस्तूंची हलकी नावे. त्यांना शेवटची जागा मिळत नाही, ती मधे सरकतात.

इथे एक गल्लत होऊ शकते. इंग्रजीत ‘अप’ प्रत्येक वेळी असे वागत नाही. ‘वुई वॉक्ड अप पारसिक हिल’ या वाक्यात ‘अप’ टेकडीशी जोडलेला आहे, आपल्या शब्दयोगी अव्ययासारखा. तिथे सर्वनाम घातले तर ‘वुई वॉक्ड अप इट’ असे होते, ‘वॉक्ड इट अप’ होत नाही. उलट ‘पिक अप द बॉक्स’मधला ‘अप’ क्रियापदाचा सोबती आहे, म्हणून ‘पिक इट अप’. कुठलीही जोडी नवीन भेटली की ‘इट’ घालून पाहा. ‘इट’ मधे बसला तर ‘अप’ क्रियापदाचा, शेवटी बसला तर पुढच्या नामाचा.

भूतकाळाचाही घोळ दिसतो. ‘आय पिकअप्ड द पार्सल’ असे लिहिलेले मेसेज सर्रास येतात. काळाचा बदल नेहमी पहिल्या शब्दात होतो : पिक्ड अप, पिकिंग अप, पिक्स अप. बोलताना ‘पिक्ड’चा शेवट ‘ट’सारखा होतो आणि पुढच्या स्वराला चिकटतो, त्यामुळे कानाला ‘पिक्टप’ असे ऐकू येते. परदेशी ग्राहकाच्या कॉलवर हे ‘पिक्टप’ पटकन ओळखता आले नाही तर वाक्याचा काळच हातून निसटतो.

प्रश्न : आमचा फळांचा घाऊक व्यवसाय आहे. बाहेरच्या खरेदीदारांना इंग्रजीत मेल लिहावे लागतात. ‘बिझनेस हॅज पिक्ड अप’ आणि ‘रेट्स हॅव पिक्ड अप’ दोन्ही चालेल का? माल उचलणे, उचल देणे यालाही ‘पिक अप’च म्हणायचे का? (एक वाचक, वाशी)

तुमच्या धंद्यात एक नेमका मराठी शब्द आहे, तो इथे फार उपयोगी पडतो : उठाव. ‘मालाला उठाव आला’ म्हणजे जवळजवळ शब्दशः ‘सेल्स हॅव पिक्ड अप’. या अर्थाने वापरताना ‘पिक अप’ला कर्म लागत नाही. धंदा, विक्री, मागणी, वारा, गती, सुस्तावलेली मॅच, आजारातून उठणारा माणूस, यांच्याबरोबर ते येते. आधी मंदी किंवा सुस्ती होती आणि आता सुधारणा आहे, ही छटा त्यात कायम असते. हापूसची आवक वाढून एपीएमसीत गर्दी होऊ लागली की ‘बिझनेस पिक्स अप इन मार्च अँड एप्रिल’ हे वाक्य अगदी योग्य.

भावाचे मात्र तसे नाही. आवक घटली आणि पेटीचा दर वर गेला, तर ‘प्राइसेस हॅव गॉन अप’ किंवा ‘रिझन’ लिहा. ‘प्राइसेस हॅव पिक्ड अप’ म्हटले की भाव पडलेले होते आणि आता सावरले, असा अर्थ निघतो. विकणाऱ्याच्या दृष्टीने ती आनंदाची बातमी आहे. तुम्हाला खरेदीदाराला नुसती दरवाढ कळवायची असेल तर हा सूर चुकीचा पडेल.

‘माल उचलणे’ याचे दोन अर्थ आपल्याकडे एकत्र नांदतात. गाडी लावून माल घेऊन जाणे, हा पहिला. त्याला ‘पिक अप’ चपखल बसते : ‘प्लीज पिक अप द कन्साइनमेंट बाय सिक्स इन द मॉर्निंग.’ दुसरा अर्थ खरेदी करण्याचा. ‘त्यांनी दोनशे पेट्या उचलल्या’ म्हणजे विकत घेतल्या. इंग्रजीत ‘दे पिक्ड अप टू हंड्रेड बॉक्सेस’ वाचून समोरच्याला कळेल की पेट्या नेल्या. सौदा झाला, पैसे ठरले, हे त्यातून कळणार नाही. तिथे ‘बॉट’ किंवा ‘टुक’ लिहावे. ‘पिक अप’ने खरेदी सांगता येते, पण ती जाता-येता केलेली किंवा स्वस्तात साधलेली : ‘आय पिक्ड अप सम फ्रूट ऑन द वे होम.’ घाऊक सौद्याला हा शब्द फार हलका आहे.

‘उचल’ म्हणजे आगाऊ रक्कम. तिच्यासाठी ‘ॲडव्हान्स’ हाच शब्द. ‘पिक अप’चा तिथे काही संबंध नाही.

मेलमध्ये तुम्हाला आणखी एक वापर भेटेल आणि तो चुकीचा समजला तर पैशांचे नुकसान होऊ शकते. ‘द बायर विल पिक अप द फ्रेट’ याचा अर्थ भाड्याचा खर्च खरेदीदार सोसेल. हॉटेलात ‘ही पिक्ड अप द बिल’ म्हणजे बिल त्याने भरले. टेबलावरचा कागद उचलणे हा अर्थ तिथे नसतो. अडचण अशी की ‘फ्रेट’ म्हणजे भाडे आणि ‘फ्रेट’ म्हणजे मालही. त्यामुळे ‘विल पिक अप द फ्रेट’ असे मोघम वाक्य आले तर खर्च कोणाचा, हे उलट मेलने विचारून ‘फ्रेट चार्जेस’ असे स्पष्ट लिहून घ्यावे.

प्रश्न : मुलाच्या पुस्तकात ‘शी पिक्ड अप फ्रेंच इन सिक्स मंथ्स’ असे वाक्य आहे. त्याने ‘तिने फ्रेंच उचलले’ असे भाषांतर केले आणि शिक्षिकांनी खूण केली. त्याचे काय चुकले? (एक वाचिका, घोडबंदर रोड)

मुलाचे फारसे चुकलेले नाही. मराठीतही ‘पोराने गाण्याची चाल लगेच उचलली’ असे आपण म्हणतोच. भाषेबाबत मात्र ‘तिने सहा महिन्यांत फ्रेंच आत्मसात केले’ किंवा ‘ती फ्रेंच बोलायला शिकली’ हे जास्त स्वाभाविक आहे.

महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. ‘पिक अप’ने सांगितलेले शिकणे वर्गाबाहेरचे असते : ऐकून, पाहून, सोबत राहून. कळव्याच्या चाळीत शेजारच्या पोरांबरोबर खेळून तमिळ बोलणाऱ्या घरातले मूल मराठी बोलू लागले, तर ‘द चाइल्ड पिक्ड अप मराठी’. कॉलेजात तीन वर्षे बसून मराठीची पदवी घेतली, तर ‘स्टडीड मराठी’. म्हणून ‘आय पिक्ड अप इंजिनिअरिंग’ हे वाक्य विचित्र वाटते, पण ‘आय पिक्ड अप सम एक्सेल ॲट वर्क’ हे छान वाटते. सवयी, लकबी, शिव्या, बोलण्याचा ढंग या सगळ्यांना हेच क्रियापद लागते. आजाराचेही तसेच : ‘पिक्ड अप ॲन इन्फेक्शन.’ भाषा काय आणि आजार काय, दोन्ही आजूबाजूच्यांकडून नकळत येतात, त्यामुळे इंग्रजीने दोघांना एकच शब्द दिला यात नवल नाही. सर्दीला मात्र ‘कॅच अ कोल्ड’ हाच रुळलेला प्रयोग.

मुलाला ‘टेक अप’ आणि ‘पिक आउट’ यांच्याशी तुलना करून दाखवा. ‘ही टुक अप तबला’ म्हणजे तबला शिकायला सुरुवात केली. ‘ही पिक्ड अप अ लिटल तबला’ म्हणजे थोडाफार हाताला लागला. ‘ही पिक्ड आउट अ तबला’ म्हणजे दुकानातल्या अनेक तबल्यांतून एक निवडून काढला.

प्रश्न : फोनसाठी ‘पिक अप द कॉल’ बरोबर की ‘रिसिव्ह द कॉल’? (एक वाचक, कळवा)

जुन्या फोनचा रिसीव्हर खरोखर उचलावा लागत असे. तिथून आलेले ‘पिक अप’ मोबाइलच्या काचेवरही टिकले, जसे आपले ‘फोन उचल’ टिकले. पण उचलतात तो फोन, कॉल नव्हे. म्हणून ‘पिक अप द फोन’ किंवा कर्माशिवाय ‘शी इज नॉट पिकिंग अप’. कॉलला ‘आन्सर’ लावा.

‘रिसिव्ह’चा अर्थ निराळा आहे आणि ऑफिसात त्यावरून गैरसमज होतात. ‘आय डिडन्ट रिसिव्ह युअर कॉल’ म्हणजे तुमचा कॉल माझ्यापर्यंत पोहोचलाच नाही. ‘आय डिडन्ट पिक अप’ म्हणजे रिंग वाजली, पण मी घेतला नाही. वरिष्ठांना कळवताना कोणते वाक्य खरे आहे ते पाहून लिहा.

उलट दिशेचा एक अर्थही ठाऊक असू द्या. ‘जस्ट पिक अप द फोन अँड टॉक टू देम’ असे कोणी म्हणाले तर ते तुम्हाला फोन करायला सांगत आहेत. फोनला रेंज मिळत नसेल तर ‘माय फोन इजन्ट पिकिंग अप अ सिग्नल’. आपण तिथे ‘पकडत नाही’ म्हणतो, ‘उचलत नाही’ म्हणत नाही.

प्रश्न : ‘गाडीला पिकअप नाही’ हे इंग्रजीत चालते का? आणि ‘पिकअप’ एक शब्द की दोन? (एक वाचक, वागळे इस्टेट)

क्रियापद असेल तर दोन शब्द, नाम किंवा विशेषण असेल तर एक. ब्रिटिश लिखाणात नामात मधे जोडरेघही घालतात. ‘वुई विल पिक अप द टीम’ सुटे, पण ‘पिकअप पॉइंट’, ‘पिकअप टाइम’ जोडून. बोलताना फरक आघाताचा आहे. क्रियापदात जोर सहसा ‘अप’वर, नामात ‘पिक’वर.

गाडी झटकन वेग घेते या अर्थाने ‘पिकअप’ हे नाम अमेरिकन कोशांत आहे, तेव्हा तो आपला घरचा शोध नव्हे. पण ब्रिटनमध्ये ‘ॲक्सलरेशन’ म्हणतात. परदेशी कंपनीकडे तक्रार नोंदवायची असेल तर ‘द कार इज स्लो टू पिक अप स्पीड’ लिहा. दोन्हीकडे नीट कळते.

मागे उघडा हौदा असलेली, भाजीपाला वाहणारी गाडी म्हणजेही पिकअप. इलेक्ट्रिक गिटारच्या तारांखाली असते तेही पिकअप : लोहचुंबकावर गुंडाळलेली बारीक तारेची गुंडाळी. पोलादी तार हलली की त्या गुंडाळीत विद्युत संकेत तयार होतो. सिग्नल टिपणे हाच क्रियापदाचा अर्थ तिथे नाम होऊन बसला आहे.

प्रश्न : ‘पिक अप अ गर्ल’ला वाईट अर्थ आहे असे मैत्रीण म्हणाली. मी तर भाचीला क्लासवरून आणण्याबद्दल बोलत होते. (एक वाचिका, खारघर)

मैत्रिणीचे बरोबर आहे. अनोळखी व्यक्तीशी सलगी करून तिला सोबत नेणे असा एक अर्थ आहे. तो उगवतो ‘अ गर्ल’, ‘अ मॅन’ अशा अनिश्चित, अनोळखी कर्मामुळे. ‘माय नीस’ म्हटले, नाव घेतले किंवा ‘फ्रॉम हर क्लास’ जोडले की वाक्य स्वच्छ होते. पोलिसांच्या बातमीत ‘पिक्ड अप’ म्हणजे ताब्यात घेतले. तिथे आपले ‘उचलले’ तंतोतंत जुळते.

प्रश्न : मीटिंगमध्ये ‘आय वुड लाइक टू पिक अप ऑन दॅट’ असे ऐकले. हा ‘ऑन’ कशासाठी? (एक वाचिका, नेरुळ)

‘पिक अप ऑन’ ही वेगळी, तीन शब्दांची जोडणी आहे. मीटिंगमध्ये तिचा अर्थ : आधी कोणीतरी मांडलेला मुद्दा मी पुढे नेते. एरवी तिचा अर्थ न बोललेली गोष्ट हेरणे : ‘शी पिक्ड अप ऑन हिज नर्व्हसनेस.’ मराठीतल्या ‘मुद्दा उचलून धरणे’शी तिची गल्लत करू नका. उचलून धरणे म्हणजे पाठिंबा देणे, त्याला ‘सपोर्ट’ किंवा ‘बॅक’. ‘पिक अप ऑन दॅट’ म्हणून एखादी व्यक्ती त्या मुद्द्याला विरोधही करू शकते.

मधे माणूस आला की अर्थ पुन्हा बदलतो. ‘ही पिक्ड मी अप ऑन माय स्पेलिंग’ म्हणजे त्याने माझी स्पेलिंगची चूक दाखवली. हा प्रयोग ब्रिटिश आहे. ‘लेट्स पिक अप व्हेअर वुई लेफ्ट ऑफ’ म्हणजे मागच्या वेळी थांबलो तिथून पुढे सुरू करू. ‘पिक अप आफ्टर द चिल्ड्रन’ म्हणजे मुलांनी केलेला पसारा आवरणे.

प्रश्न : कोशात वीसेक अर्थ दिले आहेत. दहावीच्या मुलांना ते लक्षात कसे राहावेत? (एक शिक्षिका, नौपाडा)

अर्थांची यादी पाठ करायला देऊ नका. वीस अर्थ आठवड्याभरात पुसले जातात. अर्थ ठरवते ते शेजारचे कर्म, म्हणून मुलांनी कर्मे गोळा करावीत. वहीच्या पानावर मधे ‘पिक अप’ लिहून भोवती सात घरे करा : वस्तू, माणूस, फोन, भाषा किंवा सवय, आजार, सिग्नल, बिल. आठवे घरही करा, पण त्याला नाव देऊ नका. तिथे कर्मच नसते, ते ‘बिझनेस पिक्ड अप’चे घर. परीक्षेत येणारे बहुतेक वापर या आठांत बसतात.

रोज दोन घरे घ्या, चार दिवसांत पान भरते. प्रत्येक घरात एक वाक्य, तेही मुलाच्या स्वतःच्या दिवसातले. आई त्याला शाळेतून आणते ते, आजीचा फोन उचलला ते. शेजारी मराठी वाक्य लिहायला लावा आणि ‘उचलणे’ जिथे बसत नाही तिथे लाल खूण करायला सांगा. माणूस, आजार, सिग्नल आणि बिल या घरांत लाल खुणा नक्की पडतील. माणसाच्या घरात ‘आणायला जाणे’ किंवा ‘गाडीत घेणे’ येईल, बिलाच्या घरात ‘भरणे’ येईल. चुका तिथेच होतात, म्हणून उजळणीचा वेळ तिथेच द्या.

पाचव्या दिवशी पान बंद करून तोंडी घ्या. तुम्ही कर्म सांगा, मुलाने वाक्य करावे, मग तेच वाक्य ‘इट’, ‘हिम’ किंवा ‘हर’ घालून पुन्हा म्हणावे. ‘पिक अप इट’ निसटले तर थांबवून नियम सांगत बसू नका. बरोबर वाक्य त्याच्याकडून तीनदा मोठ्याने म्हणवून घ्या आणि पुढच्या घरात जा. एक अडचण आठव्या घरात येते. तिथे कर्मच नाही, म्हणून ‘इट’ मधे बसत नाही. ‘बिझनेस’ला सर्वनाम द्यायचेच तर ते वाक्याच्या सुरुवातीला जाते : ‘इट पिक्ड अप.’ मुलांना हे घर वेगळ्या रंगात रंगवायला सांगा.